समुद्रसपाटीखालचा वर्ग

विद्यार्थ्यांना तीन आठवडे परदेशी नेण्याच्या प्रस्तावाच्या मुलाखतीत आमच्या अमेरिकी विद्यापीठाच्या समितीने मला अकरा प्रश्न विचारले. सात दारू आणि गांजाबद्दल, तीन सायकलींबद्दल, एक पैशांबद्दल. पाण्याबद्दल एकही नाही. मी विद्यार्थ्यांना नेदरलँड्सला नेणार होतो ते पाणी दाखवायला, पण समितीच्या मनातलं नेदरलँड्स निराळं होतं. अमेरिकेत दारू प्यायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तिथे अठरा. म्हणजे माझ्या वर्गातली सगळी मुलं विमानातून उतरल्या उतरल्या कायद्याने मोठी होणार होती. "मग तुम्ही काय करणार?" समितीतल्या एका बाईंनी विचारलं. मी पूरनियंत्रण शिकवतो. या प्रश्नाची तयारी केली नव्हती.

हे लचांड मागे लागलं ते एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. दरवर्षी मी वर्गात समुद्राचं उधाण रोखणाऱ्या नेदरलँड्समधल्या ओस्टरस्खेल्डे अडथळ्याची चित्रं दाखवायचो: नऊ किलोमीटर लांबी, पासष्ट काँक्रीटचे खांब, मधे बासष्ट पोलादी दरवाजे, उद्घाटन १९८६. मुलं बासष्ट हा आकडा लिहून घेत आणि परीक्षेनंतर विसरत. त्या वर्षी मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "पण दरवाजे लावायचे की नाही, हे ठरवतं कोण?" मी पाठ्यपुस्तकातलं एका ओळीचं उत्तर दिलं. तिने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. मलाही पटलं नव्हतं.

परदेशात शिकायला जायचे ढोबळ मार्ग दोन. एकात विद्यार्थी तिथल्या विद्यापीठात एखादं सत्र काढतो. दुसऱ्यात आपलाच प्राध्यापक आपलाच विषय उचलून दुसऱ्या देशात नेतो, विद्यार्थी आपले, गुण आपले, क्रेडिटही आपलेच. अमेरिकेतून परदेशी शिकायला जाणाऱ्यांपैकी अर्ध्याहून जास्त मुलं आता उन्हाळ्यात किंवा आठ आठवडे वा त्याहून कमी मुदतीसाठी जातात आणि त्यांच्यातली खूपशी अशी प्राध्यापकाच्या मागोमाग. हे नवं नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून आलेले डेलावेअर विद्यापीठातले रेमंड कर्कब्राइड १९२३च्या जुलैमध्ये आठ विद्यार्थ्यांना घेऊन बोटीने फ्रान्सला गेले. आधी नान्सीला भाषेचे वर्ग, मग पॅरिसला शिक्षण. त्यांना जोखीम व्यवस्थापन कार्यालयाकडून किती अर्ज भरावे लागले असतील, हा विचार माझ्या मनात पुढे बऱ्याचदा आला.

मला सतरा भरावे लागले. निघायच्या चौदा महिने आधी सुरुवात केली होती, तरी घाई झाली. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे वर्गातले पंचेचाळीस तास. बाहेर फिरताना तास मोजायचे कसे? आमच्या विद्यापीठाचा हिशोब असा की दोन तासांची स्थळभेट म्हणजे वर्गाचा एक तास, आणि बसमध्ये घालवलेला वेळ शून्य. बसमध्येच सगळ्यात चांगल्या चर्चा होतात हे मी लिहून दिलं. ते फेटाळलं गेलं. तास भरून काढायला मग मी कार्यक्रमात भेटी कोंबत गेलो. एकवीस दिवसांत सत्तावीस भेटी. कागदावर ते भरगच्च आणि देखणं दिसत होतं.

विद्यापीठाचा नियम असा की गटाबरोबर दोन मोठी माणसं हवीत, म्हणजे एक आजारी पडलं तर दुसरं उभं राहील. इतिहास विभागातली माझी एक सहकारी तयार झाली. मध्ययुगीन युरोपातल्या गावकीच्या संस्था हा तिचा विषय. तिने माझा तक्ता हातात घेतला, पेन्सिल काढली आणि पाच मिनिटांत अकरा भेटी खोडल्या. "तू त्यांना देश दाखवतोयस की गोदामातला माल मोजून घ्यायला लावतोयस?" मी वाद घातला. तीन परत मिळवल्या. त्यातल्या दोन पुढे पावसात गेल्या.

पैशांचं गणित आधी कोणीतरी मला नीट सांगायला हवं होतं. काही खर्च माणशी असतात: राहणं, विमा, रेल्वे. काही ठरलेले असतात: भाड्याची बस आठ जणांनाही तितकीच पडते आणि वीस जणांनाही. या ठरलेल्या खर्चातच आम्हा दोघांची तिकिटं आणि खोल्या येतात आणि ते सगळे मुलांच्या डोक्यावर वाटले जातात. म्हणजे माझं विमानाचं तिकीट माझेच विद्यार्थी काढत होते. हे प्रत्येकाला ठाऊक असतं, पण बोलत कोणी नाही. मला ते शेवटपर्यंत टोचत राहिलं. बारा जण जमले तर हिशोब बसतो, अकरा जमले तर दौरा रद्द. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ होते. मी इतरांच्या वर्गांत जाऊन पाच-पाच मिनिटं बोलायला लागलो. पंचविशीत जे फेरीवाल्याचं काम शिकलो नव्हतो, ते पन्नाशीला शिकलो.

आणि जे आले नाहीत ते लक्षात राहिले. ज्या मुलीच्या प्रश्नावरून हे सगळं सुरू झालं, तीच आली नाही. उन्हाळ्यात तिला पूर्ण वेळ काम करावं लागायचं. दौऱ्याचे पैसे एकवेळ कुठून तरी उभे राहिले असते, पण तीन आठवड्यांचा पगार बुडाला असता तो कुठून आणणार? गरजू विद्यार्थ्यांसाठी सरकारी गिलमन शिष्यवृत्ती आहे, आमच्यातल्या एकाला ती मिळालीही. ती खर्च भागवते. बुडालेला पगार कोणी भरून देत नाही.

शेवटी चौदा जण झाले. बहुतेक स्थापत्यशास्त्राचे, दोन इतिहासाचे, एक संगीताचा. तो का आला हे मला तिसऱ्या आठवड्यापर्यंत कळलं नाही.

आता माझी चूक. मुलांना पाठवलेल्या यादीत मी पासपोर्टची मुदत, विमा, लसी, आणीबाणीचे फोन असं सगळं घातलं होतं. व्हिसा हा शब्द नव्हता. अमेरिकी पासपोर्टवर शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर चालणारे युरोपीय देश, नेदरलँड्स त्यातलाच) एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर तेवढेच पासपोर्ट होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक मुलगी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पदवीच्या तिसऱ्या वर्षाची, भारतीय पासपोर्टवर शिकणारी. ती मराठीतच बोलली. "सर, मला व्हिसा लागेल ना?"

पोटात गोळाच आला. कारण हे सगळं मी स्वतः भोगलं होतं. संशोधनाच्या काळात परिषदेला जायचं म्हटलं की बँकेचे कागद, आमंत्रणाची पत्रं, बोटांचे ठसे, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात. नागरिकत्व घेतलं आणि चार-पाच वर्षांत ते सगळं विसरलो. इतकं साफ विसरलो की माझ्याच यादीतून ती मुलगी निसटली.

"तू आधी का नाही बोललीस?" असं मी विचारलं आणि लगेच जीभ चावली. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही ग्रुपचा काढताय."

ग्रुपचा व्हिसा असा काही नव्हता. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतो. अपॉइंटमेंट मिळाली ती एप्रिलमधली, तीही दोन राज्यं ओलांडून. मग कागद. प्रत्येक रात्रीच्या राहण्याचा पुरावा हवा, आणि आमचं आरक्षण 'विद्यापीठाचा गट, सोळा व्यक्ती' असं, नावांशिवाय. विमा किमान तीस हजार युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. आमचा विमा त्याहून मोठा होता, पण त्याच्या पत्रावर 'शेंगेन' हा शब्द कुठेच नव्हता. आय-ट्वेंटीवर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठ देतं त्या कागदावर, प्रवासाची सही हवी, नाहीतर परतीच्या वेळी अमेरिकेच्या दारात घोडं अडणार. एक पूर्ण दुपार आम्ही दोघं माझ्या संगणकासमोर बसून पत्रं लिहीत होतो. राहण्याच्या ठिकाणाला एक, विमा कंपनीला एक, कॉन्सुलेटला एक. मधेच ती हळूच म्हणाली, "सर, तुमच्या पत्रात माझं स्पेलिंग चुकलंय." व्हिसाच्या कागदांत स्पेलिंग चुकणं म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

पासपोर्ट निघायच्या नऊ दिवस आधी आला. त्या नऊ दिवसांआधीचे पंचवीस दिवस बाकीची तेरा मुलं कुठल्या बुटांत जास्त चालवतं यावर चर्चा करत होती, आणि ती गप्प बसायची. दौऱ्याच्या आधीचे चार वर्ग आम्ही विद्यापीठातच घेतले. त्यातला एक 'नियम' या विषयावर होता. पहिला नियम मी आता बदलला आहे. माझ्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न आता असा असतो: तुझा पासपोर्ट कोणत्या देशाचा?

डेल्फ्टमध्ये मुक्काम ठेवला. गाव लहान, सगळं सायकलच्या टप्प्यात, रॉटरडॅम आणि हेग रेल्वेने अगदी जवळ. सायकलींबद्दल समितीने विचारलेले तीन प्रश्न रास्त होते असं मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. एका मुलाचं पुढचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं. गुडघा आणि कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. समोरून येणाऱ्या आजीबाईंनी स्वतःच्या सायकलवरून न उतरता त्याला रुळ कसे काटकोनात ओलांडायचे ते हाताने दाखवलं आणि निघून गेल्या. पुढच्या दोन मिनिटांत चौदाही जण रुळ काटकोनात ओलांडून बघत होते.

आम्ही सगळे एकाच इमारतीत राहत होतो. शिक्षक म्हणून आपल्याभोवती जे काही असतं ते तोंडात टूथब्रश धरून मार्गिकेत विद्यार्थी भेटला की गळून पडतं. मला ते जड गेलं. मुलांना नाही. चौथ्या दिवशी मी गटाला चुकीच्या प्लॅटफॉर्मवर उभं केलं आणि गाडी समोरून निघून गेली, तेव्हा त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो.

सहाव्या रात्री एका मुलीला ताप आणि कान दुखणं सुरू झालं. अमेरिकेत आपण सरळ इमर्जन्सीला नेतो. तिथे रात्री आधी डॉक्टरांच्या केंद्राला फोन करायचा असतो. फोनवरची परिचारिका दहा मिनिटं शांतपणे प्रश्न विचारते आणि मग ठरवते. तिने ठरवलं, पॅरासिटामॉल द्या आणि सकाळी पुन्हा फोन करा. मुलीचा विश्वास बसेना. माझाही नव्हता. पहाटे तीनला तिच्या आईचा मला फोन. आई घाबरलेली, आणि मी कायद्याने बांधलेला. मुलगी सज्ञान, तिची माहिती तिच्या परवानगीशिवाय पालकांना देता येत नाही. जिवाला धोका असता तर गोष्ट वेगळी. मी त्या आईशी सात मिनिटं बोललो आणि एकही खरी माहिती दिली नाही. मग शेजारच्या खोलीचं दार वाजवलं आणि म्हटलं, "आधी आईला फोन लाव." सकाळी ताप उतरला होता.

त्या आठवड्यातली जी भेट विसरता येणार नाही ती औवेरकेर्क गावची. १९५३च्या ३१ जानेवारीच्या रात्री उधाण आणि वादळ एकत्र आले, झीलंड भागातले बांध फुटले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. औवेरकेर्कचं भगदाड बुजवायला नोव्हेंबर उजाडला. तिथे चार प्रचंड काँक्रीटच्या पेट्या बुडवल्या. फीनिक्स कॅसन्स. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तात्पुरतं बंदर उभारायला बनवलेल्या जातीच्या. आता संग्रहालय त्या चार पेट्यांच्या पोटात आहे. आत गारवा, उघडं काँक्रीट. एका पेटीत जमिनीवर वाळू आहे आणि तिच्यावर प्रकाशाने मृतांची नावं उमटतात. त्या रचनेच्या शीर्षकात १,८३५ अधिक एक असं म्हटलंय. तो एक म्हणजे त्याच रात्री जन्मलेलं आणि त्याच रात्री बुडालेलं बाळ. नाव ठेवायला वेळच मिळाला नव्हता.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. कॅसनच्या भिंतीची जाडी, जोडणी, असलं काहीतरी. सहकारीने माझ्या बाहीला धरून मागे ओढलं. मुलं तिथे वीस मिनिटं उभी होती. दोघं खाली बसली. त्यांच्यापैकी कोणी मला काही विचारलं नाही, आणि पंचेचाळीस तासांच्या हिशोबात ती वीस मिनिटं दहा मिनिटं म्हणून धरली गेली.

दुसऱ्या दिवशी ओस्टरस्खेल्डे. मूळ बेत ती खाडी कायमची बंद करायचा होता. कालवं आणि शिंपले काढणाऱ्यांनी आणि पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, सत्तरच्या दशकात सरकारने बेत बदलला आणि उघडे राहणारे दरवाजे आले. पाणी ठरलेल्या शून्यापेक्षा तीन मीटर वर जाईल असा अंदाज आला तरच ते उतरतात. हा शून्य म्हणजे 'अॅमस्टरडॅमची सामान्य पातळी', तिची धातूची खूण तिथल्या नगरभवनात लोक हात लावून बघतात. मग मेसलांटकेरिंग हा दुसरा अडथळा, रॉटरडॅमच्या बंदराच्या तोंडाशी. दोन पांढरे बाहू, प्रत्येकाला दोनशे दहा मीटर लांब आणि बावीस मीटर उंच दरवाजा. १९९७ पासून उभा. संगीताच्या मुलाने तिथे तोच प्रश्न विचारला, दौऱ्याला न आलेल्या मुलीचा. बंद करायचं कोण ठरवतं? वाटाड्या म्हणाला, संगणक. वादळात घाबरलेल्या माणसावर हे सोडायचं नाही असं ठरलं. २००७च्या नोव्हेंबरमध्ये तो वादळात प्रथम मिटला, पण तेव्हा मर्यादा मुद्दाम खाली आणली होती. ठरलेल्या तीन मीटरच्या मर्यादेवर तो आपणहून मिटला २१ डिसेंबर २०२३ला.

"पण तीन मीटर हे कोणी ठरवलं?" मुलगा म्हणाला. वाटाड्या हसला आणि म्हणाला, तो वेगळा दौरा आहे.

सहकारीला हेच हवं होतं. डेल्फ्टमध्येच, औडे डेल्फ्ट कालव्याच्या काठावर, डेल्फलंड पाणीमंडळाचं, म्हणजे त्या भागातलं पाणी सांभाळणाऱ्या संस्थेचं, जुनं घर आहे. दर्शनी भिंतीवर रंगीत कुलचिन्हं. मंडळ १२८९ पासूनचं. आज देशात अशी एकवीस मंडळं आहेत. त्यांच्या वेगळ्या निवडणुका, वेगळा कर. सात शतकं ओलांडलेली संस्था रोज पंप चालवते, हे ऐकून मुलांचा विश्वास बसेना. तिचा एक तास माझ्या आठवड्याभराच्या तासांहून चांगला झाला. मी ते तिला अजून सांगितलेलं नाही.

पण तोपर्यंत एक गोष्ट मला खटकायला लागली होती. दहा दिवस झाले होते आणि मुलांनी त्या देशातल्या कोणाशीही आमच्याशिवाय बोलणं केलं नव्हतं. मी तिकिटं काढत होतो, मी प्रश्न विचारत होतो, वाटाडे माझ्याकडे बघून बोलत होते. सोळा माणसांचा फुगा देशातून तरंगत चालला होता. यासाठी कार्यक्रमात मी एक दिवस आधीच ठेवला होता: प्रत्येकाने एकट्याने एका ठिकाणी जायचं, रेल्वेने, आणि 'इथे पाण्याबद्दल कोणी काय ठरवलं' हे कोणाला तरी विचारून यायचं. जोखीम कार्यालयाने त्यावर तीन पत्रं पाठवली होती. एकट्याने का? जोडीने का नाही? जोडीने गेले तर एकमेकांशी बोलतात, हे माझं उत्तर. तडजोड अशी झाली की दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला प्रत्येकाने मेसेज करायचा.

सहा वाजता तेरा मेसेज आले. चौदावा आला नाही. संगीताचा मुलगा. तो नायमेखेनला गेला होता, दोन तासांचा प्रवास. साडेसहा. सात. फोन बंद. कोणत्या नंबरला कधी कळवायचं याची लिखित पद्धत आहे आणि साडेसातला मी तिचं पहिलं पान उघडलं होतं. सहकारी खिडकीत उभी होती. ती काही बोलत नव्हती, आणि तिचं न बोलणं मला जास्त घाबरवत होतं. सात चाळीसला अनोळखी डच नंबरवरून फोन आला. फोनची बॅटरी संपली होती, गाडीत शेजारी बसलेल्या माणसाचा फोन मागून तो बोलत होता. माफ करा, गप्पांत वेळ गेला.

तो रात्री दहाला आला. मी बोलणी खायला घालणार होतो, वाक्यंही तयार होती. त्याने वही उघडून टेबलावर ठेवली.

नायमेखेनसमोर लेंट गावाजवळ वाल नदी अरुंद होते. १९९३ आणि १९९५च्या पुरांनंतर, पंचाण्णवला अडीच लाख लोक हलवावे लागल्यानंतर, देशाने बांध उंच करत बसण्याऐवजी नदीला जागा द्यायचं ठरवलं. लेंटला बांध साडेतीनशे मीटर मागे सरकवला आणि मधून नवा प्रवाह खणला. मधली सुमारे पन्नास घरं गेली. हे मी वर्गात शिकवलं होतं, आलेखासकट. त्याच्या वहीत एका रस्त्याचा नकाशा होता, वाकड्या रेषांचा. चौकोन, आणि चौकोनांत नावं. नव्या प्रवाहाच्या काठावर बाकावर एक बाई भेटल्या होत्या. त्यांनी छत्रीच्या टोकाने पाण्याकडे दाखवून सांगितलं होतं की तिथे त्यांचं स्वयंपाकघर. त्या जागेवरून रोइंगची होडी चालली होती. शेजारी कोण, त्यांच्या पलीकडे कोण, कोणाच्या दारात कोणतं झाड, कोणी सभेत भांडलं, कोणी पैसे घेऊन पहिल्यांदा निघालं, कोणी शेवटी. अडीच तास. त्याने सगळं उतरवून घेतलं होतं, घरांच्या क्रमाने.

"त्यांना योजना चुकीची वाटते का?" मी विचारलं.

"नाही. बरोबर वाटते. म्हणूनच जास्त राग येतो, असं म्हणाल्या."

मी बोलणी खायला घातली, पण थोडी. फोन चार्ज करायची बॅटरी त्याला स्वतःची दिली. तो वर गेल्यावर सहकारी बांध मागे सरकवण्यावरून माझ्याबद्दल काहीतरी उपमा देणार होती. मी म्हटलं, नको.

शेवटच्या आठवड्यात आम्ही दोन दुपारी पूर्ण रिकाम्या सोडल्या. दौऱ्यानंतरच्या अभिप्रायांत पाच जणांनी लिहिलं, रिकामा वेळ फार होता. सहा जणांनी लिहिलं, फार कमी होता. एकाने लिहिलं की प्राध्यापक माणूस म्हणून बरे आहेत पण गाड्यांचं वेळापत्रक त्यांच्या हातात देऊ नये. परतताना विमानतळावर सगळे अमेरिकी पासपोर्ट एका रांगेत गेले आणि मी माझ्या विद्यार्थिनीबरोबर दुसऱ्या रांगेत उभा राहिलो. अधिकाऱ्याने मला परत पाठवलं, तुमची रांग ती. ती एकटी गेली. आय-ट्वेंटीवरची सही त्यांनी बघितली, शिक्का मारला, चार मिनिटं लागली. मी पलीकडे उभा राहून घड्याळ बघत होतो.

मग हिशोब. यासाठी मला दीड महिना लागला, दौऱ्याहून दुप्पट. उष्णतेवर छापलेल्या पावत्या उन्हात फिकट होतात हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. एकशे अकरा पावत्या, त्यातल्या चाळीसेक डचमध्ये, प्रत्येकीला भाषांतराची एक ओळ. हिशोब विभागाने एक परत पाठवली. रॉटरडॅम ते किंडरडाइक, सोळा तिकिटं, 'वॉटरबस'. शेरा असा: पाण्यावर बस चालत नाही, वाहनाचा प्रकार स्पष्ट करा.

मी फोटो शोधला. होडीच्या मागच्या डेकवर सगळे, वारा इतका की सहकारीने टोपी दोन्ही हातांनी धरलेली. कॅमेऱ्याकडे कोणीच बघत नाही. मागे किनाऱ्यावर एकोणीसपैकी तीन पवनचक्क्या दिसतायत. व्हिसाची मुलगी कठड्याशी उभी राहून संगीताच्या मुलाच्या वहीत काहीतरी दाखवतेय. फोटो अर्जाला जोडला, 'वाहनाचा प्रकार' या रकान्यात होडी असं लिहिलं आणि पाठवून दिला. पंधरा दिवसांनी मंजूर झाला.